उत्तेजक प्रतिबंध (क्रीडा)

क्रीडास्पर्धेत शरीराची क्षमता कृत्रिम रीतीने वाढविणारी द्रव्ये व पद्धती वापरण्यास मज्जाव करणारी, असा वापर शोधून काढणारी आणि दोषी खेळाडूस स्पर्धेपासून दूर ठेवणारी नियमव्यवस्था. निषिद्ध द्रव्यांची यादी जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्था (वाडा) तयार करते व ती दरवर्षी १ जानेवारीपासून लागू होते. द्रव्य कामगिरी वाढविते, आरोग्यास घातक ठरू शकते किंवा खेळाच्या मूळ भावनेस बाधा आणते, या तीन कसोट्यांपैकी दोन लागू पडल्या की त्याचा समावेश यादीत करता येतो. तिसरी कसोटी मोजता येण्यासारखी नसल्याने तिच्यावर आक्षेप घेतले जातात आणि ते अगदीच निराधार म्हणता येत नाहीत.

१९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्स याला धावता धावता स्ट्रिक्निन व ब्रँडी देण्यात आली होती आणि त्या काळी त्यात कोणाला गैर वाटले नाही. स्ट्रिक्निन हे काजरा किंवा कुचला या भारतीय जंगलांतील वृक्षाच्या बियांत आढळणारे विषारी अल्कलॉइड असून, शोधन केलेला कुचला आयुर्वेदीय औषधांत आजही वापरला जातो. स्ट्रिक्निन मात्र वाडाच्या यादीत उत्तेजकांच्या वर्गात आहे. अॅथलेटिक्सच्या जागतिक महासंघाने अशा द्रव्यांवर १९२८ मध्ये बंदी घातली, परंतु चाचणीचे साधनच नसल्याने ती बराच काळ कागदावर राहिली.

उत्तेजकामुळे झालेला पहिला मृत्यू कोणता, याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. वेल्सचा सायकलपटू आर्थर लिंटन १८८६ मध्ये बोर्दो–पॅरिस शर्यतीत दगावला, असे विधान जुन्या ग्रंथांतून एकमेकांवरून उतरत आले आहे. ते टिकणारे नाही, कारण ही शर्यतच १८९१ मध्ये सुरू झाली, आणि लिंटनने १८९६ ची शर्यत पूर्ण केल्यानंतर काही आठवड्यांनी त्याचा मृत्यू झाला तो विषमज्वराने, अशी समकालीन नोंद आहे. त्याच्या प्रशिक्षकाविषयी संशय होता हे खरे, पण संशयावरून मृत्यूचे कारण ठरविता येत नाही. दुसरे उदाहरण डेन्मार्कच्या क्नुद एनेमार्क येन्सेन याचे. २६ ऑगस्ट १९६० रोजी रोम ऑलिंपिकमधील सांघिक सायकल शर्यतीत, सुमारे ४० अंश तापमानात, तो कोसळला व त्याच दिवशी मरण पावला. अॅम्फेटामिन या उत्तेजकामुळे हा मृत्यू झाला असे पुढे सर्रास लिहिले गेले. रक्तवाहिन्या रुंदावणारे रोनिकोल हे औषध संघाला दिल्याचे प्रशिक्षकाने सांगितल्याची नोंद आहे. इटालियन वैद्यकीय चौकशीने मात्र उष्माघात हे कारण धरले. व्हेर्नेर म्योलर या डॅनिश अभ्यासकाने अॅम्फेटामिनचा दावा मूळ कागदपत्रांतून सिद्ध होत नसल्याचे दाखविले आहे आणि उपलब्ध पुराव्याशी हेच मत अधिक जुळते. निर्विवाद म्हणता येईल असा मृत्यू टॉम सिम्प्सन याचा. १३ जुलै १९६७ रोजी तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत माँ व्हाँतू हा डोंगर चढताना तो कोसळला आणि त्याच्या शरीरात अॅम्फेटामिन व मद्य आढळले.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९६८ च्या खेळांपासून चाचण्या सुरू केल्या. त्यात अपात्र ठरलेला पहिला खेळाडू, स्वीडनचा हान्स-गुनार लिल्येनवाल, केवळ मद्यामुळे पदक गमावून बसला. स्नायू वाढविणाऱ्या स्टेरॉइडांची चाचणी १९७६ मध्ये आली; १९८८ मध्ये सोल येथे १०० मीटर शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकलेला बेन जॉन्सन स्टॅनोझोलोल या स्टेरॉइडामुळे अपात्र ठरला. १९९८ च्या तूर द फ्रान्समधील फेस्तिना संघाचे प्रकरण चाचणीने नव्हे, तर सीमेवरील झडतीने उघडकीस आले. या धक्क्यानंतर १९९९ मध्ये वाडाची स्थापना झाली आणि तिची संहिता २००४ पासून लागू झाली. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची तूर द फ्रान्सची सात विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली, तीही मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींवरून.

तपासणीची सर्वांत कठीण बाजू म्हणजे शरीरात निसर्गतः असणारी द्रव्ये. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक प्रत्येकाच्या मूत्रात असते. म्हणून मानफ्रेड डोनिके या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीनुसार त्याचे एपिटेस्टोस्टेरॉन या शरीरातीलच सदृश द्रव्याशी असलेले गुणोत्तर पाहिले जाऊ लागले. सामान्यतः ते १ च्या आसपास असते. संशयाची मर्यादा प्रथम ६ होती, ती २००५ पासून ४ करण्यात आली. तथापि यूजीटी२बी१७ हे जनुक ज्यांच्यात नसते त्यांचे गुणोत्तर मुळातच खूप कमी असते व टेस्टोस्टेरॉन टोचूनही ते मर्यादेखाली राहू शकते; कोरियन पुरुषांत अशा व्यक्तींचे प्रमाण स्वीडिश पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळले आहे. म्हणजे सर्वांना एकच मर्यादा लावणे शास्त्रीय दृष्ट्या समाधानकारक नाही. यावर उपाय म्हणून कार्बनच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण मोजले जाते. कारखान्यातील टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींतील स्टेरॉलपासून बनत असल्याने त्यात कार्बन-१३ शरीरातील संप्रेरकापेक्षा कमी असतो. २००९ पासून खेळाडूच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवून त्याची तुलना त्याच्याशीच करणारी जैविक पारपत्राची पद्धतही रूढ झाली आहे.

खेळाडूच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले, की ते तेथे कसे पोहोचले याची जबाबदारी त्याचीच धरली जाते. हेतू सिद्ध करण्याची गरज नसते, हेतूचा विचार शिक्षेच्या कालावधीपुरता होतो. या तत्त्वाचे महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेला मल्ल नरसिंग यादव याचे आहे. नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड आढळल्यावर सोनीपतच्या प्रशिक्षण केंद्रात आपल्या आहारात कोणी भेसळ केल्याचा त्याचा खुलासा राष्ट्रीय शिस्तपालन समितीने १ ऑगस्ट २०१६ रोजी मान्य केला, पण क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट रोजी रिओ येथे तो फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. तत्त्व कठोर आहे; मात्र ते सैल केल्यास जवळजवळ प्रत्येक खेळाडू भेसळीचाच बचाव पुढे करील, हा समर्थकांचा युक्तिवाद अद्याप कोणी समाधानकारकपणे खोडलेला नाही.

भारतात राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था (नाडा) २००५ मध्ये नोंदविली गेली व २००९ पासून कार्यरत झाली. २०२२ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षी नाडाने तपासलेल्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ नमुन्यांत निषिद्ध द्रव्ये आढळली, आणि मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ (बीसीसीआय) मात्र खेळाडूंनी आपला दैनंदिन ठावठिकाणा कळविण्याच्या नियमावर आक्षेप घेत अनेक वर्षे या व्यवस्थेबाहेर राहिले. जुलै २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातील टर्ब्युटालिन या निषिद्ध द्रव्यामुळे क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचे आठ महिन्यांचे निलंबन जाहीर झाले व पुढच्याच महिन्यात मंडळाने नाडाचे नियंत्रण मान्य केले.

शॉवरील कारवाई जाहीर झाली त्याच वेळी विदर्भाच्या एका क्रिकेटपटूचे निलंबनही जाहीर झाले. विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोनदा रणजी करंडक जिंकल्याच्या लगतचाच हा काळ असल्याने नागपुरात त्याची चर्चा झाली. नागपूरपुरता विचार केल्यास प्रश्न मुख्यतः अंतर व हवामानाचा आहे. जामठा येथील मैदानावर किंवा मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात घेतलेला नमुना दिल्लीलाच पाठवावा लागतो, कारण वाडाची मान्यता असलेली देशातील एकमेव प्रयोगशाळा तेथे आहे. ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळात तिचीही मान्यता निलंबित असल्याने नमुने परदेशी जात. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या तापमानात मूत्रनमुना थंड न राखल्यास त्यात जंतूंची वाढ होऊन स्टेरॉइडांचे प्रमाण बदलू शकते. घामाने शुष्क झालेल्या खेळाडूस ९० मिलिलिटर मूत्र देण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागते. उतावळेपणाने फार पाणी प्याल्यास मूत्राची सापेक्ष घनता (पाण्याच्या तुलनेतील घनता) १.००५ च्या खाली जाते आणि नमुना पुन्हा द्यावा लागतो.

मान्यताप्राप्त महासंघांच्या छत्राखाली न येणाऱ्या इनामी कुस्त्या व स्थानिक शर्यतींपर्यंत ही यंत्रणा पोहोचत नाही. विदर्भातील हजारो तरुण ज्यासाठी पहाटे मैदानावर धावतात, त्या पोलीस भरतीतील १,६०० मीटर धावण्याची चाचणी ही क्रीडास्पर्धा नसल्याने तिलाही वाडाची संहिता लागू होत नाही.