पाच हजारांपर्यंतच्या परदेशी गिफ्टवर कस्टम लागत नाही? आता लागतं!
सांगली-मिरजेत अजून घरोघरी हेच सांगतात की पोराने अमेरिकेतून पार्सल पाठवलं, वर 'गिफ्ट' लिहिलं आणि किंमत पाच हजारांच्या आत असली की कस्टम माफ. ही सवलत होती, खरंय, पण डिसेंबर 2019 मध्येच बंद झाली, आता पोस्टाने किंवा कुरियरने आलेल्या गिफ्टवर पूर्ण ड्युटी भरावी लागते, सूट फक्त राखी आणि जीवनरक्षक औषधांना. राखीसोबतच्या चॉकलेटलाही नाही!

आणि कृपा करून किंमत कमी लिहायला सांगू नका, माल अडकतो, दंडही होऊ शकतो.

मला जास्त काळजी म्हाताऱ्या माणसांची वाटते, कारण 'तुमचं गिफ्ट कस्टममध्ये अडकलंय, लगेच पैसे पाठवा' असे फोन येतात. कस्टमवाले कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाहीत, फोन ठेवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.