वाटा घटला, खर्च नाही

‘भारतीयांचा खाण्यापिण्यावरचा खर्च घटला’ असा मथळा वाचून वाणसामान, दूध, भाजीचा हिशेब ठेवणाऱ्या कुणाचंही डोकं फिरेल. मथळ्यामागचे आकडे खरे असतात, पण खर्चाची रक्कम आणि एकूण खर्चातला वाटा यांची त्यात गल्लत झालेली असते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे आकडे घ्या. २०११-१२ मध्ये ग्रामीण भारतात माणशी महिन्याला सरासरी १,४३० रुपये खर्च होत. त्यातले ५२.९ टक्के, म्हणजे सुमारे ७५६ रुपये, खाण्यावर जात. २०२२-२३ मध्ये एकूण खर्च ३,७७३ रुपयांवर गेला आणि खाण्याचा वाटा ४६.४ टक्क्यांवर आला. पण त्या ४६.४ टक्क्यांचे रुपये होतात साडेसतराशे! वाटा उतरला, रक्कम दुपटीहून वाढली. यात भाववाढीचाही मोठा हात आहे, हे धरूनच चालायचं.

खरी उलथापालथ धान्यात झाली. उन्हाळ्यात वर्षाचे गहू-ज्वारी घ्यायचे, ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायचे, आणि त्या महिन्यात बाकी सगळ्या खर्चाला कात्री लावायची, हे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी केलं आहे. १९९९-२००० मध्ये ग्रामीण घरखर्चात धान्याचा वाटा २२ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो पाच टक्क्यांच्याही खाली आला. इथे मात्र नुसता वाटा घटलेला नाही, खाणंही घटलं आहे: २०११-१२ मध्ये माणशी महिन्याला ११.२ किलो धान्य लागायचं, ते ९.६ किलोवर आलं. शिवाय जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा योजनेतलं रेशनचं धान्य फुकट झालं, आणि फुकट मिळालेल्या धान्याची किंमत सर्वेक्षणाच्या मुख्य आकड्यांत धरलेली नाही.

मग पैसा गेला कुठे? काही खाण्यातच राहिला, पण बिस्किटं, फरसाण, चहा आणि बाहेरच्या खाण्याकडे वळला. हा गट ग्रामीण खर्चात २०११-१२ मधल्या ७.९ वरून २०२२-२३ मध्ये ९.६ टक्क्यांवर गेला, धान्याच्या जवळजवळ दुप्पट. याची मला खरोखर काळजी वाटते. भाकरीची जागा दूध-अंड्यांनी घेणं वेगळं आणि बिस्किटाच्या पुड्याने घेणं वेगळं. प्रवासाचा वाटाही ४.२ वरून साडेसात टक्क्यांवर पोहोचला.

उत्पन्न वाढलं की खाण्याचा वाटा कमी होतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच मांडलं होतं. पण त्यावरून ‘वाटा कमी झाला, म्हणजे घर सुखी झालं’ असं म्हणता येत नाही. पेट्रोल, क्लासची फी, दवाखाना यांनी पैसा ओढून घेतला आणि घराने फळं बंद केली, तरी वाटा कमीच दिसेल. तेव्हा रुपये किती, वाटा किती आणि ताटात काय, तिन्ही पाहायला हवं.

स्वतःच्या घराचा वाटा काढून सरासरीशी ताडायचा असेल, तर गृहकर्जाचा हप्ता आधी वेगळा काढा. सर्वेक्षण कर्जफेडीला उपभोग खर्च मानत नाही. मुंबई-पुण्यातल्या घराने हप्ता धरूनच हिशेब केला, तर खाण्याचा वाटा आहे त्याहून बराच लहान दिसेल.