गियरबॉक्स बदलला आणि क्लच स्लिप व्हायला लागला, आता?

गाडी भरलेली आहे, आंबा घाट चढताय, तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय, आरपीएम वर चाललाय पण वेग काही वाढत नाही, आणि थोड्या वेळाने तो जळका वास. क्लच स्लिप होतोय, म्हणजे प्लेट ताकद धरून न ठेवता घसरतेय. सपाटीला रिकाम्या गाडीत हाच क्लच एकदम ठणठणीत वाटतो कारण तिथे इंजिनाकडून पूर्ण ताकद आपण फार वेळ मागतच नाही, घाट मात्र सलग मागत राहतो. म्हणून आपल्याकडे हा दोष रत्नागिरीच्या रस्त्यावर नाही, घाटात सापडतो.

जुन्या जीपमध्ये चार गियरचा बॉक्स काढून पाचचा बसवला, किंवा मूळचा खराब झाला म्हणून सेकंडहँड टाकला, आणि लगेच हे सुरू झालं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, प्लेट गेली, बॉक्स परत खाली घ्या. माझं कळकळीचं सांगणं आहे की जरा थांबा. क्लच किती ताकद धरून ठेवणार हे फक्त तीन गोष्टींवर ठरतं आणि त्यातली नेमकी कुठली कमी पडतेय हे बऱ्याचदा बॉक्स न उतरवताच कळतं.

क्लचप्लेट म्हणजे दोन्ही बाजूंना लाइनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, लावलेली चकती, एका बाजूला इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगने दाबणारी प्रेशर प्लेट, मध्ये ही दाबून धरलेली. धरण्याची ताकद म्हणजे लाइनिंगची पकड गुणिले दाब गुणिले प्लेटची सरासरी त्रिज्या, आणि दोन बाजू म्हणून गुणिले दोन. आकडे घालून बघू. पकड ०.३, दाब ५००० न्यूटन म्हणजे साधारण ५०० किलो वजनाएवढा, त्रिज्या ९ सेंटिमीटर, तर उत्तर येतं २७० न्यूटन-मीटर. इंजिन २०० चं असेल तर आरामात पुरतं. आता लाइनिंगला तेल लागून पकड ०.१ वर आली असं धरा, उत्तर थेट ९०! दाब तोच, प्लेट नवी कोरी, तरी गाडी घाट चढणार नाही.

या हिशोबात क्षेत्रफळ कुठेच नाही हे लक्षात आलं का? घर्षण दाबावर ठरतं, किती जागा टेकली आहे त्यावर नाही, हे आमोंताँ या फ्रेंच माणसाने १६९९ मध्येच मांडलं होतं. मोठी प्लेट जास्त ताकद धरते ती त्रिज्या वाढल्यामुळे, जास्तीची जागा उपयोगी पडते ती उष्णता आणि झीज वाटून घ्यायला.

आता शोध कुठून सुरू करायचा, तर दाबापासून, कारण ते तपासणं फुकट आहे. बॉक्स बदलला की पेडल दाबल्यावर हलणारा फोर्क, तो ज्यावर झुलतो तो पिव्होट, आणि फोर्क ज्याला ढकलतो ते रिलीज बेअरिंग यांची मापं बदलू शकतात, आणि पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीचा रिकामा खेळ, संपलेला असला तर तुम्ही पाय काढून घेतला तरी बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या थोड्या दाबून ठेवतं, म्हणजे कायमचा हाफ क्लच. केबलवाली गाडी असेल तर केबलचा नट पूर्ण सैल करून फोर्कला खेळ येतो का बघा. हायड्रॉलिक असेल तर खालच्या सिलेंडरचा ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, क्षणभर उघडा, अडकलेलं प्रेशर फसकन बाहेर आलं आणि फोर्क मागे सरकला तर दोष वरच्या मास्टर सिलेंडरच्या पुशरॉडमध्ये नाहीतर आतून फुगलेल्या होजमध्ये आहे, प्लेट निर्दोष. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत केबल आतून गंजते आणि पेडल वर आलं तरी ती पूर्ण मागे येत नाही, त्याचाही परिणाम अगदी हाच. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या, अशा बुडालेल्या गाडीचा बॉक्स आला असेल तर रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती गंजून खडबडीत झालेली असू शकते आणि बेअरिंग तिथेच अडकतं, पण हे बघायला मात्र बॉक्स उतरवावाच लागतो.

पकडीचं कारण म्हणजे तेल. क्लच ज्याच्या आत बसतो त्या बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून ओल दिसतेय का बघा. गियर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो आला तर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं, नाही आला तर इंजिनाच्या क्रँकचं मागचं सील. स्प्लाइनला, म्हणजे प्लेट ज्यावर बसते त्या शाफ्टच्या खाचांना, हात सैल सोडून लावलेलं ग्रीसही फिरताना उडून लाइनिंगवर जातं. तेल प्यायलेली लाइनिंग पेट्रोलने पुसून परत घालू नका, आत मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं.

आणि तिसरं, प्लेट मापाचीच नसणं. स्प्लाइन नव्या बॉक्सच्या मापाची लागते पण व्यास आणि जाडी फ्लायव्हील-प्रेशर प्लेटला जुळणारी लागते, या ओढाताणीत पातळ नाहीतर लहान प्लेट बसते. प्रेशर प्लेटला दाब देणाऱ्या डायाफ्राम स्प्रिंगचा स्वभाव मजेशीर असतो, प्लेट झिजत जाते तसा दाब आधी थोडा वाढतो आणि एका टप्प्यानंतर झपाट्याने पडतो. पातळ प्लेट घातली म्हणजे नवी असूनही झिजलेलीच घातली. पायरीवाल्या फ्लायव्हीलला, म्हणजे ज्याचा काठ आणि मधला भाग वेगळ्या उंचीवर असतो त्याला, लेथवर घासून सपाट करताना फक्त मधला भाग घासला आणि प्रेशर प्लेट बसते तो काठ तसाच ठेवला तरी हेच होतं, जेवढा मधला भाग कमी केला तेवढाच काठही कमी व्हायला हवा, हे लेथवाल्याला समोर उभं राहून सांगा.

हे सगळं होईपर्यंत गाडी रेटत मात्र राहू नका. १५० न्यूटन-मीटर आणि ५०० आरपीएमचा फरक म्हणजे जवळजवळ ८ किलोवॅट उष्णता, बेल हाउसिंगमध्ये चार गिझर एकदम चालू केल्यासारखं. त्यात लाइनिंग काचेसारखी गुळगुळीत होते, पकड आणखी घटते, स्लिप आणखी वाढतो, आणि केबल सैल करून सुटला असता तो दोष खरोखरच प्लेट खाऊन टाकतो.

बॉक्स उतरवावा लागलाच तर दोन्ही सीलं त्याच वेळी बदलून घ्या, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा, आणि नवी लाइनिंग बसेपर्यंत पहिले काही शे किलोमीटर गाडी गावातल्या गावात हलकीच चालवा, आंब्याच्या पेट्या भरून घाटात नंतर.