पानं गळली म्हणून लगेच कुंडी बदलू नका

आमच्याकडून बोन्साय नेलेल्या सर्वांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे आजारी होऊन परत येणाऱ्या बहुतेक झाडांची कहाणी एकच असते. झाड घरी नेलं, आठ-दहा दिवस छान होतं, मग पानं पिवळी पडून गळायला लागली. काळजी वाटली म्हणून पाणी वाढवलं. तरी गळती थांबेना, तेव्हा मातीतच काहीतरी बिघडलं असेल असं वाटून झाड कुंडीतून उपसलं, मुळं नळाखाली धुतली, नवी काळी सकस माती भरली आणि वर मूठभर खत घातलं. पंधरा दिवसांनी झाड आमच्या दारात. यातली प्रत्येक गोष्ट मायेपोटी केलेली असते, म्हणूनच आम्हाला जास्त वाईट वाटतं. पहिल्या गळतीतून ते झाड बहुधा आपणहून सावरलं असतं. खचलं ते नंतरच्या उपचारांनी.

झाडाला ऊन-पाणी लागतं हे तुम्हाला ठाऊकच आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. कुंडी कधी बदलायची, कधी तिला हातही लावायचा नाही आणि वर्षाच्या कोणत्या काळात कोणतं काम हाती घ्यायचं, एवढ्यापुरतं हे पत्रक आहे.

मुळं तुटली की काय होतं

पानं जेवढं पाणी हवेत सोडतात तेवढं मुळांनी ओढून वर पोचवायचं असतं. हे काम जाड मुळांचं नाही. ती झाडाला धरून ठेवतात. पाणी ओढतात ती टोकाकडची, केसासारखी बारीक मुळं. कितीही हलक्या हाताने कुंडी बदलली तरी त्यांतली बरीच तुटतात. वाढीच्या दिवसांत निरोगी झाड ती काही आठवड्यांत पुन्हा तयार करतं, कारण खोडात आणि मुळांत अन्नाची शिल्लक असते आणि पानं रोज नवं अन्न करत असतात. पानं गाळत असलेल्या झाडाची शिल्लक आधीच संपत आलेली असते. त्यात मुळंही गेली, तर नवी मुळं फोडायला त्याच्याकडे काहीच उरत नाही. वर खत घातलं तर तुटलेल्या मुळांना ते सोसत नाही, उलट टोकं करपतात. कुंडी बदलल्यावर चार ते सहा आठवडे खत नको, असं आम्ही प्रत्येकाला बजावून सांगतो ते यासाठी.

गोंधळ होतो तो आणखी एका कारणाने. तहानलेलं झाड आणि पाण्यात गुदमरलेलं झाड वरून सारखंच दिसतं: दोन्हींची पानं मलूल होतात. पहिल्याला पाणी मिळत नाही. दुसऱ्याच्या मुळांना हवा न मिळाल्याने ती कुजतात, मग समोर पाणी असूनही ओढता येत नाही. मलूल पान पाहून झारी उचलली की दुसऱ्या प्रकारच्या झाडाचं उरलंसुरलं मूळही जातं.

स्पंजचा प्रयोग

"तुम्ही दिलीत ती तर खडी आहे, माती कुठे आहे?" हा प्रश्न आम्हाला रोज ऐकायला मिळतो. उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पूर्ण भिजवा आणि न दाबता तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज हलकेच दोन बोटांत उभा धरा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली.

कुंडीतल्या मातीचंही तसंच आहे. पाणी निथळून गेल्यावरही तळाशी एक थर अडून राहतो. त्याची जाडी कुंडी किती खोल आहे यावर ठरत नाही, मातीचे कण किती बारीक आहेत यावर ठरते. हातभर खोल कुंडीत तो थर तळाशी पडून राहतो, वरची मुळं मोकळी श्वास घेतात. चार बोटं खोल ट्रेमध्ये मात्र तोच थर निम्म्या मातीपर्यंत चढतो. बागेतल्या जमिनीत जी काळी माती सोनं पिकवते, तीच बोन्सायच्या ट्रेमध्ये मुळांचा जीव घेते. म्हणून आमच्या मिश्रणातला कण साधारण 2 ते 6 मिलिमीटरचा असतो: विटांचे तुकडे, भरड वाळू, प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि थोडंसं कुजलेलं शेणखत. सगळं चाळतो, खाली पडलेली भुकटी वापरत नाही. चाळण्यातच आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि मिश्रण साध्या मातीपेक्षा महाग पडतं ते त्यामुळेच. घरी करणार असाल तर जरूर करा, पण चाळणीचा कंटाळा करू नका.

मग गळती लागली तर करायचं काय

आधी काडी. बांबूची किंवा लाकडाची कोरडी काडी मातीत निम्म्या खोलीपर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी बाहेर काढा. काडी ओली आणि गडद असेल तर आज पाणी नाही. कोरडी निघाली तर पोटभर पाणी द्या, म्हणजे खालच्या भोकांतून वाहेपर्यंत, मग पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा. रोज सकाळी एक कप, हा हिशोब सोडून द्या. झाडाची तहान ऊन-वारा, पानांची संख्या आणि ऋतू यांच्याबरोबर बदलते, कपाचं माप मात्र तेच राहतं.

मग जागा. वडाच्या कुळातली झाडं, विशेषतः फायकस बेंजामिना, जागा बदलली की पानं टाकतात. हा आजार नाही, नव्या उजेडाला जुळवून घेणं आहे. उघड्यावरच्या उन्हात एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश असतो, दिवे लावलेल्या खोलीत जेमतेम काही शे. आपला डोळा जुळवून घेतो म्हणून खोली उजळ वाटते, पानाला तसं जुळवता येत नाही. झाड खिडकीच्या काठाशी न्या किंवा बाल्कनीत ठेवा, आणि एकदा ठेवलं की हलवू नका.

शेवटी नख. बारीक फांदीची साल नखाने अगदी थोडी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. शेंड्याकडे तपकिरी निघालं तर थोडं खाली येऊन पाहा. हिरवं सापडलं की तीन-चार आठवडे धीर धरा. या काळात खत, छाटणी, तार (फांदीला वळण द्यायला गुंडाळतात ती), कुंडी यातलं काहीही नाही. नवा कोंब दिसला की पुढचं बोलू.

याला एकच अपवाद आहे. मातीला कुजका वास येतो आहे, पाणी वरच साचतं आहे आणि खोड बुंध्याशी मऊ लागतं आहे, अशा वेळी थांबू नका, झाड आहे तसं आमच्याकडे आणा. मुळकुजीत ऋतू पाहत बसता येत नाही. पण ते काम आम्हाला करू द्या.

वर्षाचं काम

तारीख पाहण्याऐवजी झाडाचा डोळा पाहायला शिका. डोळा म्हणजे पानाच्या बेचक्यातला तो बारीकसा टोकदार कोंब. सारं वेळापत्रक त्यात असतं.

हिवाळ्यात मेपल, एल्म यांसारखी पानगळीची झाडं उघडी होतात आणि फांद्यांचा सांगाडा दिसतो. झाडाचा आकार शिकायचा तर हाच काळ उत्तम. कुठली फांदी दुसरीवर आडवी गेली आहे, कुठे दोन फांद्या एकाच जागेतून फुटल्या आहेत, हे पानांच्या गर्दीत कळत नाही. कुंडी बदलायची वेळ थंडी सरताना येते: डोळे फुगलेले, टोकाशी रंग दिसू लागलेला, पण पान अजून उलगडलेलं नाही. हे दिवस थोडेच असतात. पान उलगडलं की वेळ गेली, पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं. वड, पिंपळ, उंबर, बोगनवेल या उष्ण हवेच्या झाडांना मात्र थंडीत फक्त जपायचं. पाणी कमी, खत बंद.

उन्हाळा लागून रात्रीही उबदार झाल्या, की वडाच्या कुळाची पाळी. नवी पालवी जोरात येऊ लागली की कुंडी बदला, मुळांचा साधारण तिसरा हिस्सा काढला तरी ही झाडं सोसतात. कापलं की पांढरा चीक वाहतो. घाबरू नका, पाण्याचा फवारा मारा, थांबतो. झाड बसवल्यावर तळाच्या भोकांतून तार घेऊन मुळांचा गड्डा कुंडीला घट्ट बांधा. वाऱ्याने झाड हललं की नव्या मुळांची टोकं तुटतात आणि मेहनत फुकट जाते. मग काडीने माती मुळांच्या मधल्या पोकळ्यांत सारत जा. पुढचे दोन-तीन आठवडे सावली. जेडचं, म्हणजे त्या जाड रसाळ पानांच्या झाडाचं, उलटं: मुळं कापल्यावर आठवडाभर पाणीच देऊ नका, जखमा सुकू द्या.

तरुण झाडाची कुंडी वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागते, जुन्या झाडाची तीन ते पाच वर्षांनी. पाणी मुरायला वेळ लागू लागला किंवा मुळांनी झाडाला कुंडीतून वर उचललं, की समजावं.

पावसाळ्यात छाटणीला हात मोकळा सोडा. शेंडा नेहमी सगळ्यात जोरात वाढतो आणि खालच्या फांद्यांना दाबून ठेवतो, म्हणून वरून कडक छाटा, खाली हलकं. नव्या कोंबाला पाच-सहा पानं आली की तो मागे दोन पानांवर आणा. सतत पाऊस असेल तर कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवून ती तिरकी करा. स्पंज आठवतो ना? कुंडी तिरकी झाली की उंची वाढते आणि अडलेलं पाणी निघून जातं. पैसे न लागणारा हा उपाय दर पावसाळ्यात कितीतरी झाडं वाचवतो.

तारेबद्दल थोडक्यात. तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, गुंडाळी 45 अंशांत, आणि वाढीच्या दिवसांत दर पंधरवड्याला तपासणी. तार सालीत रुतायला लागायच्या आत काढा. उलगडत बसू नका, फांदी मोडते. तार कापण्याच्या कात्रीने वळसा-वळसा तोडून काढा. तार पुन्हा मिळते, सालीवरचा वळ वर्षानुवर्षं जात नाही.

आम्ही नाही का म्हणतो

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या आग्रहाखातर आम्ही त्यांच्या जुनिपरची (हे एक सदाहरित सूचिपर्णी झाड) कुंडी अवेळी बदलली. नवी कुंडी भेट द्यायची होती, दिवस ठरलेला होता. झाड दोन महिने हिरवंगार दिसत होतं. ते आनंदात होते, आम्हीही. मग एका आठवड्यात सगळं तांबूस झालं. जुनिपर असंच करतं: मुळं मेली तरी पाला कितीतरी दिवस हिरवा राहतो, आणि रंग बदलेपर्यंत वेळ गेलेली असते. चूक आमची होती, कारण जाणणारे आम्ही होतो. तेव्हापासून, मुळकुज सोडली तर, अवेळी कुंडी बदलून देत नाही, कोणी दुप्पट मोबदला देऊ केला तरीही. त्याऐवजी तुमची निवडलेली कुंडी बाजूला राखून ठेवतो, योग्य वेळ आली की कळवतो आणि विकत घेतलेल्या झाडाची पहिली कुंडी स्वतः बदलून देतो. त्या दिवशी तुम्ही शेजारी उभं राहावं एवढीच अपेक्षा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या वेळी घरी जमतं.

बोन्सायचा वर्ग एका दिवसाचा का घेत नाही, असंही विचारतात. एका दिवसात झाड एकाच ऋतूत असतं. जपानी माळ्यांमध्ये नुसतं पाणी घालायला शिकायला तीन वर्षं, अशी म्हण आहे, आणि आमचा अनुभवही फार वेगळा नाही. म्हणून वर्ग वर्षभराचा ठेवला आहे: चार बैठका, प्रत्येक ऋतूची एक, आणि चारही वेळा तेच झाड, तुमचं. पहिल्या बैठकीत छाटलेल्या फांदीने पुढे काय केलं, हे दुसऱ्या बैठकीला तिच्याकडूनच समजतं.

"पण कुंडीत झाड असं किती जगणार?" वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे. 1625 पासून तो कुंडीत वाढवला जातो आहे. 1945 च्या ऑगस्टमध्ये तो हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या बागेत होता, अणुबॉम्बच्या स्फोटातून वाचला आणि 1976 साली जपानने तो अमेरिकेला भेट दिला. चारशे वर्षं तो कुंडीत टिकला, कारण पिढ्यानपिढ्या त्याची मुळं वेळच्या वेळी छाटली गेली. मुळांची छाटणी झाडाला तरुण ठेवते, फक्त वेळ त्याची हवी, आपल्या रविवारच्या सुट्टीची नाही.

झाडाबद्दल शंका आली तर फोनवर फोटो पाठवा. त्याचे पैसे घेत नाही. तीन फोटो हवेत: समोरून पूर्ण झाड, पानाची खालची बाजू आणि मातीचा पृष्ठभाग अगदी जवळून. सोबत दोन गोष्टी लिहा: शेवटचं पाणी कधी दिलं, आणि गेल्या महिन्याभरात झाडाची जागा बदलली का. आणि आमचं उत्तर येईपर्यंत झाड कुंडीतून बाहेर काढू नका.