जहाजबांधणी, कोल्हापूर व तळकोकणातील

कोल्हापूरच्या छत्रपतींच्या अमलाखालील मालवण किनाऱ्यावर अठराव्या शतकात नांदलेला नौकाबांधणीचा व्यवसाय आणि घाटावरील भांडवल व यंत्रोद्योग यांच्या बळावर तो नव्या रूपात उभा करण्याचा विचार, असे या विषयाचे दोन भाग पडतात. कोल्हापूर शहर समुद्रापासून दूर, पंचगंगेच्या काठी असले तरी गगनबावडा, फोंडा व आंबा या घाटांनी ते किनाऱ्याशी जोडलेले आहे. गूळ खाली जाई. मीठ, सुकी मासळी व नारळ वर येत. करूळ व भुईबावडा घाटांच्या माथ्यावरील बावडा हे पंत अमात्यांच्या (राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या मंत्र्यांच्या) जहागिरीचे ठिकाण होते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावी.

पूर्वपीठिका : शिवाजी महाराजांच्या आरमाराचा प्रारंभ कल्याण–भिवंडीच्या खाडीत १६५७ ते १६५९च्या सुमारास झाला, असे सामान्यतः मानतात. मालवणजवळील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी १६६४ मध्ये सुरू झाली. सातारा व कोल्हापूर या दोन मराठा गाद्यांमध्ये झालेल्या १७३१च्या वारणेच्या तहाने दक्षिण कोकणातील साळशीपासून खालचा प्रदेश कोल्हापूरकडे राहिला आणि सिंधुदुर्ग हा कोल्हापूरच्या आरमाराचा मुख्य तळ बनला. तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांत मालवणच्या या नाविकांना सरसकट चाचे म्हटले आहे. परंतु ईस्ट इंडिया कंपनीने कोल्हापूर दरबाराशी वेळोवेळी तह केले, भरपाईची बोलणी केली, मालवणला वखारीची परवानगी मागितली. असे व्यवहार राज्यसत्तेशी होतात, लुटारूंच्या टोळीशी नव्हे. म्हणून त्यास संस्थानाचे आरमार म्हणणेच सयुक्तिक वाटते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंच्या कारकीर्दीत तो खंडणी घेऊन परत केला. १८१२च्या तहाने मात्र मालवण बंदर कायमचे गेले आणि कोल्हापूरचा समुद्राशी असलेला राजकीय संबंध तुटला.

आज्ञापत्रातील आरमार-प्रकरण : या विषयाचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे बावड्याच्या याच अमात्य घराण्यातील रामचंद्रपंतांच्या नावावर असलेले आज्ञापत्र हा राज्यकारभारावरील ग्रंथ. त्याचा काळ बहुतेक अभ्यासक १७१५-१६ धरतात. ते कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या (शिवाजी महाराजांच्या नातवाच्या) नावे व त्यांच्या मार्गदर्शनार्थ लिहिलेले आहे. त्यातील आंबा-फणसाची झाडे न तोडण्याविषयीचा प्रसिद्ध उतारा अलीकडे थेट शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सर्वत्र फिरतो. धोरण शिवकालीन असावे हे मान्य करता येते, कारण ग्रंथकर्ता त्याच राज्यात वाढलेला होता. तथापि उपलब्ध शब्द कोल्हापूर दरबारचे आहेत, आणि कोल्हापूरच्या वाचकाला त्याचा विसर पडू नये.

जहाजबांधणीच्या दृष्टीने या प्रकरणातील तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला, नौकांचा आकार. गुराबा (दोन-तीन डोलकाठ्यांच्या लढाऊ नौका) फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी प्रचंड जहाजे बांधू नयेत. आरमाराच्या दर सुभ्यास (विभागास) पाच गुराबा व पंधरा गलबते (लहान नौका) असे प्रमाण दिले आहे. उथळ खाड्यांत शिरून वल्ह्यांवर निसटता येईल अशीच नौका या किनाऱ्याला उपयोगी, हा अनुभव त्यामागे दिसतो. दुसरा, लाकूड. राज्यातील अरण्यांतले सागवान परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे मात्र तोडू नयेत. एखादे अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावे.

तिसरा मुद्दा पैशाचा असून तो क्वचितच उद्धृत होतो. आरमाराचा तनखा (नेमणुकीचा खर्च) मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावरील मिळकतीवर तो अवलंबून ठेवू नये, असे अमात्य बजावतात. कारण असे की, मिळकतीवर नेमणूक केली की सावकारास (व्यापाऱ्यास) उपद्रव होतो, व्यापार बुडतो आणि बंदरे ओस पडतात. म्हणजे घाटावरच्या काळ्या मातीने किनाऱ्यावरच्या लाकडाचा खर्च सोसावा, ही योजना होती. आज ज्याला स्थानिक गुंतवणूक म्हणतात, त्याचे हे जुने आणि फार शहाणे रूप आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गिर्ये येथील गोदी : विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत खडक कोरून केलेली गोदी अद्याप पाहता येते, तिची लांबी सुमारे १०९ मी. व रुंदी सुमारे ७० मी. आहे. परंपरा तिचे श्रेय कधी कान्होजी आंग्रे यांना, तर कधी पेशव्यांचे सुभेदार आनंदराव धुळप यांना देते. आंग्र्यांच्या काळात आरंभ व धुळपांच्या काळात वापर व डागडुजी, असा मधला पक्ष अधिक पटण्याजोगा आहे. ही गोदी कोल्हापूरच्या अमलातील नव्हे. पण त्या काळी या किनाऱ्यावर नौका कशा सांभाळल्या जात, हे कळण्यास तिच्याइतके ठोस साधन दुसरे नाही.

स्थानिक भांडवलाचे पूर्वदाखले : विसाव्या शतकात कोकण किनाऱ्यावर परकी मालकीच्या आगबोटींना तोंड देण्यासाठी लोकांच्या भागभांडवलावर एक सहकारी बोट कंपनी निघाली. तिची सेवा ‘सुखकर’ या नावाने ओळखली जाई. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे जाताना बुडालेली ‘रामदास’ ही तिचीच बोट होती. मोठ्या पल्ल्याचा दाखला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा. १९१९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी स्थापली आणि पुढे विशाखापट्टणमला जहाजाचा कारखाना काढला. तेथे बांधलेले ‘जलउषा’ १९४८ मध्ये पाण्यात लोटले गेले. उद्योजक घाटावरचा, कारखाना किनाऱ्यावरचा, ही जोडी नवी नाही. कोल्हापुरात भांडवल गोळा करण्याची रीत सहकाराची. साखर कारखाने, सूतगिरण्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेला ‘गोकुळ’ दूध संघ शेतकऱ्यांच्या लहान लहान रकमांतून उभे राहिले.

ओतकाम व सागरी दर्जा : शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्या (धातू ओतण्याचे कारखाने) ही कोल्हापूरची आजची खरी पुंजी होय. पंप, व्हॉल्व्ह, इंजिनाचे ब्लॉक यांचे बिडाचे (कास्ट आयर्नचे) ओतीव येथे मोठ्या प्रमाणावर होतात. जहाजासाठी मात्र बिडाबिडांत फरक करावा लागतो. साध्या ग्रे बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते. तुकडा मोडून पाहिला तर आत करडा, दाणेदार दिसतो आणि घणाच्या घावाने वाकण्याऐवजी तडकतो. वितळलेल्या रसात थोडे मॅग्नेशियम मिसळले की ग्रॅफाइटचे बारीक गोळे बनतात. हे एसजी (गोलाकार ग्रॅफाइटचे) बीड ताण सोसते, तुटण्याआधी लांबते. जहाजाच्या कवचाला जोडलेला समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह तडकला तर पाणी थेट आत शिरते. म्हणून जहाजांचा दर्जा तपासून प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्था तेथे ग्रे बीड चालू देत नाहीत आणि पोलाद, कांसे किंवा पुरेसे लांबणारे एसजी बीडच स्वीकारतात. मोठ्या जहाजाचा पंखा (प्रोपेलर) बहुधा निकेल-अॅल्युमिनियम कांशाचा असतो, तो बिडाच्या भट्टीतून निघत नाही. भारतात हा दर्जा तपासण्याचे काम इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था १९७५ पासून करते. कारखान्यास आधी मान्यता घ्यावी लागते, मग ओतिवाबरोबर ओतलेल्या चाचणीच्या कांडीवर ताण-चाचणी होते आणि निरीक्षकाचा शिक्का बसतो. कोल्हापूरच्या मेस्त्रींचा हात यात कोठे कमी पडत नाही. खरा खर्च आहे तो प्रयोगशाळा, मान्यता आणि पहिल्या मागण्या येईपर्यंतची कळ सोसण्याचा, आणि स्थानिक पैसा आधी लागायला हवा तो इथेच.

सद्यःस्थिती : रत्नागिरी किनाऱ्यावर मोठ्या कर्जाच्या आधारे उभी राहिलेली खाजगी जहाजबांधणी नंतर आर्थिक अडचणीत आली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत २५,००० कोटींचा सागरी विकास निधी आहे. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी जहाजबांधणी, दुरुस्ती व पुनर्चक्रणाचे धोरण स्वीकारले. कोल्हापूर–वैभववाडी हा सुमारे १०८ किमी.चा लोहमार्ग मंजूर असला तरी झालेला नाही. जड ओतीव आजही ट्रकने घाट उतरतात.

प्रारंभ दुरुस्तीपासून करावा, असे मत अधिक व्यवहार्य दिसते. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मेअखेरीस नौका वर ओढल्या की इंजिन, शाफ्ट, पंखा, पंप यांची कामे एकाच वेळी निघतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत ती पुरी करावी लागतात. मालवण, देवगड, विजयदुर्ग येथे भागधारकांच्या मालकीचे लहान उतार-धक्के बांधावेत आणि त्यांना लागणारे सुटे भाग उन्हाळ्यातच कोल्हापुरात ओतून तयार ठेवावेत, एवढी ही मांडणी आहे. आज्ञापत्रातल्या मध्यम गुराबेशी तिचा मेळ बसतो.