चामखिळी कर्करोगाचे निदान

चामखिळी कर्करोग हा तोंड आणि स्वरयंत्राच्या अस्तरात होणाऱ्या स्क्वॅमस पेशींच्या (अस्तरातल्या चपट्या पेशींच्या) कर्करोगाचा एक विरळ प्रकार. वैद्यकात त्याला व्हेरुकस कार्सिनोमा म्हणतात. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ लॉरेन अ‍ॅकरमन यांनी १९४८ मध्ये त्याचे वेगळेपण मांडले. मराठवाड्यात तंबाखू-चुन्याचा बार गालफडात धरून ठेवण्याची सवय गावोगाव आहे आणि हा कर्करोगही बहुधा त्याच जागी, गालाच्या आत किंवा हिरडीवर उगवतो. पांढरट, जाड, फुलकोबीसारखी खडबडीत वाढ. ती सावकाश पसरते आणि बरेचदा दुखत नाही, त्यामुळे दवाखाना लांबणीवर पडतो.

निदानातली खरी अडचण तुकडा तपासणीत (बायोप्सीत) आहे. वाढीच्या वरवरचा तुकडा काढला, तर सूक्ष्मदर्शकाखाली केराटिनचे (त्वचा-नखांतल्या कठीण प्रथिनाचे) जाड थर आणि जवळजवळ निरोगी दिसणाऱ्या पेशीच दिसतात. रिपोर्टमध्ये ‘कर्करोग आढळला नाही’ असे येते आणि रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो. या रोगाची खूण तळाशी असते: अस्तराची रुंद, बोथट टोके खालच्या ऊतींना रेटत एकाच पातळीवर खोल जातात, एकेकट्या पेशी सुटून घुसत नाहीत. म्हणून तुकडा पुरेसा मोठा, खोल आणि शेजारच्या निरोगी अस्तराची कड घेऊनच काढावा लागतो. गाठ डोळ्यांना दिसत असताना रिपोर्ट निर्दोष आला, तर तुकडा पुन्हा घेणे हेच योग्य. एवढ्या बाबतीत तडजोड नको.

शुद्ध स्वरूपात हा कर्करोग मानेच्या लसीका गाठींत पसरत नाही. तिथे गाठी सुजल्या तरी कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग किंवा दाह असते. मात्र काही वाढींत नेहमीचा आक्रमक कर्करोग दडलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण वाढीचे अनेक छेद तपासले तरच तो सापडतो.

स्क्वॅमस कर्करोगाच्या इतर विरळ प्रकारांची फसगत वेगळी. तर्कूपेशी प्रकार (चातीसारख्या लांबट पेशींचा) सार्कोमासारखा, म्हणजे स्नायू-हाडांसारख्या ऊतींच्या कर्करोगासारखा दिसतो. पी४० किंवा केराटिन या प्रथिनांचे रंजन (ती दाखवणारा खास रंग देऊन तपासणी) केल्यावर बहुधा उलगडा होतो. बेसलॉइड प्रकार (लहान, गडद पेशींचा) घशात असल्यास पी१६ या प्रथिनाची तपासणी करतात, कारण एचपीव्ही या विषाणूशी संबंध असेल तर रोगाचा पुढचा अंदाज बदलतो.

अशी रंजने तालुक्याच्या लॅबमध्ये सहसा होत नाहीत. हिंगोली किंवा धाराशिवच्या रुग्णाने छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला जाताना कागदी रिपोर्टबरोबर काचपट्ट्या आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉकही मागून न्यावा.