पेटंट पब्लिश झालं म्हणजे मिळालं नाही: कॉलेजातल्या संशोधनासाठी अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि खरी तपासणी

कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज येतो, अमुक सरांचं पेटंट पब्लिश झालं, आणि खाली अभिनंदनाची रांग लागते. अभिनंदन करायला हरकत नाही, पण पब्लिश होणं हा अर्जाचा एक टप्पा आहे जो साधारण १८ महिने झाले की आपोआप येतो, आणि फॉर्म ९ भरून फी दिली तर महिन्याभरातसुद्धा येतो. तोवर तुमचं काम नवीन आहे का, त्यात काही दम आहे का, हे पेटंट ऑफिसने तपासलेलंच नसतं. तपासणीसाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो आणि तो मुदतीत आला नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. म्हणजे तुमचं संशोधन सगळ्या जगाला वाचायला मोकळं आणि तुमच्या हातात हक्क काहीच नाही. प्रमोशनच्या पॉइंट्ससाठी फाइल करायचं, पब्लिश करायचं आणि सोडून द्यायचं ही जी सवय लागलीय ना, त्यात चांगलं चांगलं काम वाया जातंय, म्हणून ही सगळी प्रोसेस नीट लिहितोय.

आधी पात्रता. अर्ज कोण करू शकतं, तर ज्याने शोध लावला तो, किंवा त्याने ज्याला लेखी हक्क दिलेत ती संस्था किंवा कंपनी, किंवा शोधकर्ता हयात नसेल तर त्याचा कायदेशीर वारस. डिग्रीची अट नाही, वयाची नाही, डिप्लोमाचा विद्यार्थी पण करू शकतो. फक्त काम कॉलेजच्या लॅबमध्ये, कॉलेजच्या पैशावर झालं असेल तर संस्थेची आयपीआर पॉलिसी, म्हणजे शोधांचे हक्क कुणाचे याचे नियम, आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी अर्जदार संस्था असते आणि तुम्ही शोधकर्ते म्हणून आत असता. शोधकर्त्यांत ज्याने खरंच डोकं लावलं त्याचंच नाव घाला. एचओडी आहेत म्हणून, प्रिन्सिपल आहेत म्हणून, किंवा कुणीतरी पैसे घेऊन 'पाचवं नाव तुमचं' अशी ऑफर देतंय म्हणून नावं घालायची नाहीत, कारण अर्जावर तुम्ही सगळं खरं आहे असं जाहीर करून सही करता, आणि खोटी माहिती देऊन मिळवलेलं पेटंट नंतर रद्द होऊ शकतं.

आता शोधाची पात्रता, इथे जरा थांबू. तीन गोष्टी बघतात: आधी कुठेच नसलेलं असावं, त्या विषयातल्या माणसाला सहज सुचण्यासारखं नसावं, आणि उद्योगात किंवा शेतीत वापरता यावं. त्याशिवाय १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये काय चालत नाही याची यादी आहे, त्यात नुसता गणिती अल्गोरिदम येतो, शेतीची पद्धत येते, उपचाराची पद्धत येते, पारंपरिक ज्ञान येतं.

पारंपरिक ज्ञान म्हटलं की हळदीची केस आठवायलाच हवी. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीने जखम भरण्यावर पेटंट मिळालं होतं, आणि डॉ. माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान देऊन ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. आपल्याकडे घरोघरी हळद लावतात एवढं सांगून ते झालं नाही, छापील पुरावे द्यावे लागले, जुने संस्कृत ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा एक पेपर त्यात होता. आता हाच नियम आपल्यालाही लागतो हे लक्षात घ्या. आधी छापलेलं काहीही अर्जाच्या विरोधात जातं, आणि त्यात तुमचं स्वतःचं पण आलं. जर्नलमधला पेपर, शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर टाकलेला थिसिस, प्रोजेक्ट कॉम्पिटिशनचा पोस्टर, यूट्यूबवरचा डेमो, सगळं. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सूट आहे पण ती सरकारने नोटिफाय केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला पेपर अशा मोजक्या केसेसना आहे, तिच्या भरवशावर राहू नका. आधी फाइल करा, मग पेपर पाठवा. गाईड घाई करत असतील तर त्यांना प्रोव्हिजनल अर्जाबद्दल सांगा. प्रयोग अर्धवट असला तरी आतापर्यंत जे जमलंय ते लिहून तारीख पक्की करता येते आणि पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला १२ महिने मिळतात, त्यात एक दिवस जरी चुकला तरी अर्ज सोडून दिला असं धरतात.

कागदपत्रं अशी. फॉर्म १ म्हणजे मूळ अर्ज, संस्था अर्जदार असेल तर शोधकर्त्यांनी हक्क संस्थेला दिल्याचा कागद लागतो, तो सोबत नसेल तर सहा महिन्यांत द्यायचा. फॉर्म २ म्हणजे स्पेसिफिकेशन, हा सगळ्याचा जीव आहे. फॉर्म ३ मध्ये परदेशात कुठे अर्ज केलाय का ते, फॉर्म ५ मध्ये शोधकर्त्यांबद्दलचं डिक्लेरेशन, पेटंट एजंट लावला तर फॉर्म २६. स्टार्टअप, छोटा उद्योग किंवा शैक्षणिक संस्था म्हणून फीमध्ये सवलत हवी तर फॉर्म २८ आणि त्याचा पुरावा. काम जैविक साहित्यावर असेल, म्हणजे एखादा जिवाणू वगैरे जो शब्दात पूर्ण सांगता येत नाही, तर तो मान्यताप्राप्त ठिकाणी जमा करावा लागतो, पुण्यात एनसीसीएस म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे तशी सोय आहे, आणि ते साहित्य भारतातलं असेल तर पेटंट मिळायच्या आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी पण लागते. परदेशात फाइल करायचा विचार असेल तर भारतात आधी अर्ज करून सहा आठवडे थांबा किंवा फॉर्म २५ ने परवानगी घ्या.

फी ऐकून लोक घाबरतात पण ऑनलाइन अर्ज १६०० रुपये आहे, व्यक्ती, स्टार्टअप, छोटा उद्योग आणि २०२१ पासून शैक्षणिक संस्थांनासुद्धा, बाकीच्यांना ८०००. यात ३० पानं आणि १० क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागताय ते मुद्दे, येतात, पुढे सवलतीत पानाला १६० आणि क्लेमला ३२०. तपासणीचा फॉर्म १८ सवलतीत ४००० रुपये, बाकीच्यांना २००००. मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना तो ३१ महिन्यांत भरायचाय, आधी ४८ होते, जुन्या सिनियरना विचारून गाफील राहू नका. लवकर तपासणी हवी तर फॉर्म १८ए, सवलतीत ८०००, तो स्टार्टअप, छोटे उद्योग, सरकारी संस्था आणि व्यक्ती म्हणून अर्ज करणाऱ्या बायकांना भरता येतो, पण बाई अर्जदार हवी, नुसती शोधकर्ती असून चालत नाही. ऑनलाइन भरायला डिजिटल सिग्नेचर लागते. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या ऑफिसकडे, अँटॉप हिलला.

स्पेसिफिकेशनबद्दल जास्त बोलतो कारण अर्ज पडतात ते इथे. समजा तुम्ही कांदा चाळीसाठी काहीतरी बनवलंय, कांदा सडायला लागला की जो वास सुटतो तो सेन्सरने पकडायचा आणि पंखा चालू करायचा. क्लेममध्ये लिहिलं 'आयओटी वापरून कांदा चाळीची स्मार्ट सिस्टीम', तर पेटंट ऑफिसचा एक्झामिनर दोन जुने कागद काढणार, एकात बटाट्याच्या गोदामात गॅस सेन्सर आहे, दुसऱ्यात सेन्सरवरून चालणारा पंखा आहे, आणि म्हणणार हे दोन जोडायचं कुणालाही सुचलं असतं. पण तुम्ही चाळीत सेन्सर कुठल्या थराला लावला, तिथेच का, पावसाळी दमट हवेत खोटे अलार्म कसे टाळले, हवा खालून कधी आणि वरून कधी सोडली, आणि त्याने सड किती कमी झाली याचे आकडे असतील तर बोलायला जागा आहे. खरा शोध बहुतेक वेळा त्या दमट हवेच्या भानगडीत असतो आणि आपण तोच लिहीत नाही, कारण आपल्याला तो किरकोळ जुगाड वाटतो. अर्जात नंतर नवीन माहिती घुसवता येत नाही, म्हणून प्रयोगाची वही समोर ठेवून लिहा. आणि लिहायच्या आधी सर्च करा, भारतीय पेटंट ऑफिसचं इनपास, गुगल पेटंट्स, युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पासनेट, या तिन्ही सर्च साइट फुकट आहेत, एक अख्खा दिवस द्या त्याला.

फॉर्म १८ नंतर एक्झामिनरचा पहिला रिपोर्ट येतो, त्याला एफईआर म्हणतात. त्यात आक्षेप असणारच, ते बघून हातपाय गाळू नका, तुमच्या संशोधनाचं पहिल्यांदा कुणीतरी कसून मूल्यमापन केलंय आणि जर्नलच्या रेफरीच्या कमेंट्सपेक्षा बऱ्याचदा जास्त कामाचं असतं ते. उत्तराला सहा महिने, फॉर्म ४ ने आणखी तीन. उत्तर एजंटवर सोडून देऊ नका, तो कायदा बघेल पण तुमचा सेन्सर जुन्यापेक्षा वेगळा कुठे हे तुम्हालाच सांगता येणार. पटलं नाही तर सुनावणी होते, व्हिडिओ कॉलवर. पब्लिश झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणीही विरोध नोंदवू शकतो, मिळाल्यावर पण एक वर्ष, मात्र तेव्हा फक्त ज्याचा हितसंबंध आहे त्यालाच.

पेटंट मिळालं की मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण फी, व्यक्तीला आणि शैक्षणिक संस्थेला सुरुवातीला वर्षाला ८०० रुपये, पुढे वाढत जाते. फी थकली की पेटंट बंद पडतं, त्यामुळे कॉलेजमध्ये ही तारीख कुणाच्या डायरीत आहे ते आधीच ठरवा, सर रिटायर झाले आणि फी राहिली असं व्हायला नको. दर तीन आर्थिक वर्षांनी फॉर्म २७ भरून ते वापरात आहे का ते पण कळवायचं असतं.

मदत हवी असेल तर स्टार्टअपसाठी सरकारने नेमलेले फॅसिलिटेटर, म्हणजे अर्जाला मदत करणारे लोक, आहेत, त्यांची फी सरकार देतं, तुम्हाला फक्त सरकारी फी भरायची. नागपूरला राजीव गांधी बौद्धिक संपदा संस्था आहे, तिथे ट्रेनिंग होतात. आणि ज्यांचा अर्ज आधीच पब्लिश झालाय त्यांनी आजच पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर अर्ज नंबर टाकून स्टेटस बघा, तपासणीची विनंती गेलेली दिसत नसेल आणि मुदत शिल्लक असेल तर फॉर्म १८ भरून टाका.